करंगळी का बधिर झाली?

कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा चाचपून पाहा. तिथे बाकाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. मार हाडाला नव्हे, उंचवट्यामागच्या खोबणीतून जाणाऱ्या मज्जातंतूला बसलेला असतो.

आता यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. सात वर्षांचा मुलगा नळीखालून पाय घालून मोठी सायकल चालवतो आहे. मोटारसायकलचा धक्का लागतो, तो हातावर पडतो आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा मोडतो. या वयात त्यातला बराच भाग कूर्चेचा असतो. कूर्चा क्ष-किरण चित्रात दिसत नाही, म्हणून इजा किरकोळ वाटते. त्यात तेल लावून चोळणे म्हणजे तर कहरच! न जुळलेला तुकडा हळूहळू वर सरकतो, त्या बाजूची वाढही मागे पडते. मुलगा वाढतो तसा हात कोपरात बाहेर वळत जातो. वाकवलेल्या काठीच्या बाहेरच्या अंगाला बांधलेली दोरी ताणली जावी, तसा आतला मज्जातंतू ताणला जातो.

दहा-वीस वर्षांनी करंगळी बधिर होते. अंगठा व तर्जनी यांमधला स्नायू झिजतो, कुलपात किल्ली फिरवताना पकड सुटते. लहानपणीची ती सायकल तोवर कुणाच्या लक्षात असणार? फ्रेंच शल्यचिकित्सक पानास यांनी १८७८ मध्ये असा उशिरा येणारा लुळेपणा वर्णिला होता.

शस्त्रक्रियेने मज्जातंतू उंचवट्याच्या पुढे आणून बसवतात. वाट जवळची झाल्याने ताण उतरतो. झिजलेला स्नायू मात्र पुन्हा पूर्ण भरेलच असे नाही.