पाय कुठून तुटला, हे पेशींना कसं कळतं?

अ‍ॅक्सोलॉटलचा पुढचा पाय मनगटापाशी कापला, तर नवा पंजा येतो. खांद्यापाशी कापला, तर अख्खा पाय. जेवढं गेलं तेवढंच परत. पाय उगवतो याचं कौतुक सगळ्यांनाच आहे. मला चक्रावून टाकतो तो हा चोख हिशेब.

मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा हा उभयचर. जखमेवर काही तासांतच त्वचा सरकून येते आणि तिच्याखाली पेशींचा गोळा जमतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. 2018 मध्ये या प्राण्याचा जनुकसंच वाचून झाला: सुमारे 3,200 कोटी अक्षरं, माणसाच्या दहापट. पण या अवाढव्य बाडात ‘पाय उगवण्याचं’ एखादं खास जनुक हाती लागलं नाही. कामाला लागणारी बरीचशी जनुकं आपल्यातही आहेत.

हिशेबाचा पहिला धागा सापडला तो अ जीवनसत्त्वात. 1982 मध्ये माल्कम मेडन यांनी मनगटाशी कापलेल्या अ‍ॅक्सोलॉटलना त्याचा जादा डोस दिला, तर मनगटातून दंडापासूनचा सगळा पाय फुटला! दहा वर्षांनी भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती-हेजमादी (या ओडिसी नर्तकीही होत्या) आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापून हेच जीवनसत्त्व दिलं. शेपटीच्या जागी चक्क पाय आले. शेपटीच्या पेशींना आपण कंबरेपाशी आहोत असं वाटलं असावं.

हा गोंधळ आता उलगडतोय. या जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनतं, आणि सीवायपी26बी1 या जनुकाचं विकर ते मोडून टाकतं. मनगटाकडे हे विकर जास्त, म्हणून आम्ल कमी, खांद्याकडे उलट. 2025 मध्ये जेम्स मोनाहन यांच्या गटाने ही मोडतोड रोखली, तेव्हा मनगटाच्या पेशी खांद्याजवळच्यासारख्या वागू लागल्या.

आडव्या दिशेचा हिशेब वेगळा. करंगळीकडच्या पेशींत हँड2 हे जनुक जन्मभर मंद तेवत असतं. पाय तुटला की ते भडकतं आणि सॉनिक हेजहॉग जनुकाला जागं करतं. तेही उलट हँड2ला चेतवतं. पाय पुरा झाला की सॉनिक हेजहॉग थांबतं, हँड2 मात्र पुन्हा मंद होऊन चालूच राहतं. व्हिएन्नात एली तनाका यांच्या गटाने अंगठ्याकडच्या पेशींना काही काळ सॉनिक हेजहॉगचा संदेश दिला. त्या कायमच्या करंगळीकडच्या झाल्या. उलटा बदल घडवणं मात्र बरंच अवघड निघालं.