पायरी किती उंच आहे?

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचं वारं सुटतं. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर वाट ठरलेलीच. सेवाग्रामचा आश्रम, पवनारची धाम नदी आणि वर्धा शहरातलं मगन संग्रहालय. डब्यात काय न्यायचं, खिडकीजवळ कोण बसणार, यावर आठवडाभर खल चालतो. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. एस.टी.तून उतरल्यावर आतल्या वस्तूपर्यंत आपल्यातला प्रत्येक जण पोचणार का?

प्रत्येक जण म्हणजे अगदी प्रत्येक बरं का! कुबड्या घेऊन चालणारा मित्र, चाकाच्या खुर्चीत बसणारी मैत्रीण, डोळ्यांनी न दिसणारा शेजारचा दादा आणि गुडघ्यावर हात ठेवून ‘अगं आई गं’ म्हणत पायरी चढणारी आजी. इतिहास या सगळ्यांचा आहे ना?

माझ्या चौथीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार. एका गावच्या संग्रहालयात आम्ही गेलो, तर दारापुढे अकरा पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. तिथल्या भल्या माणसानं तिला उचलून वर नेलं. सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. ती मात्र हळूच म्हणाली, “बाई, मी काय पोतं आहे?” त्या माणसाचं मन चांगलंच होतं. पण एक कठडा आणि एक उतार असता, तर ती आपल्या पायांनी वर गेली असती!

आता सेवाग्रामकडे वळू. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी इथे आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये मिळालं. यायला धड रस्ता नव्हता. तरी देशोदेशींचे पाहुणे यायचे. लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये वर्ध्याहून टांग्यानं आले आणि आठवडाभर राहिले. विदर्भातलं जूनचं ऊन तुम्हांला सांगायला नको! या पाहुण्यानं काय करावं? पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात लाकडी खोकं ठेवलं, खोक्यावर बसून समोरच्या दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर मांडला आणि लेखन सुरू!

पण याच आश्रमात याहून मोठी गोष्ट घडली. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी अशा माणसाला लोक दारात उभं करत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या कुटीजवळ त्यांच्यासाठी कुटी केली आणि आपल्या हातांनी त्यांचं मालिश केलं. ती परचुरे कुटी पाहायला विसरू नका. त्याआधी १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर तेव्हा अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुलं केलं होतं. बंद दार उघडण्याची आपल्या जिल्ह्याची ही जुनी ओळख आहे.

मग आजचं बंद दार कोणतं? कधी ते पंधरा सेंटिमीटरचं असतं. एवढीच एक पायरी चाकाच्या खुर्चीला अडवायला पुरते. उताराचा नियम सोपा आहे. उंची एक, तर लांबी बारा. पंधरा सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. तीन पायऱ्या असतील तर किती? करा गणित! घाईघाईनं केलेला आखूड, उभा उतार पायरीहून वाईट, कारण त्यावरून खुर्ची सुटते. दार ९० सेंटिमीटर रुंद हवं. शौचालयाचं दार बाहेर उघडणारं बरं. का? आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदत करणाऱ्याला शिरता येत नाही.

गाडी उभी करण्याच्या जागेचंही गणित असतं. अपंग व्यक्तीच्या मोटारीसाठी ३.६ मीटर रुंद जागा लागते, तीही दारापासून तीस मीटरच्या आत. मोटार तर एवढी रुंद नसते, मग जास्तीची जागा कशाला? मोटारीचं दार पूर्ण उघडून शेजारी चाकाची खुर्ची लावायला. तिथे कुणी मोटारसायकल आडवी लावली, की झालं! आणि शाळेची बस अशी थांबवावी की दार संग्रहालयाच्या बाजूला उघडेल. चाळीस मुलांना रस्ता ओलांडायला लावणं मला तरी पटत नाही.

बापू कुटीपाशी मात्र खरा पेच आहे. मातीच्या भिंती, बांबू, कौलं. तिथे सिमेंटचा उतार ओतला, तर कुटी कुटी राहील का? नाही. मग काय करायचं? लाकडी फळ्यांचा उचलता येणारा उतार करायचा. पाहुणा आला की लावायचा, गेला की उचलायचा. मातीला धक्का नाही. दुसरा पेच चपलांचा. चपला बाहेर काढायच्या, हे बरोबरच. पण कॅलिपरचा बूट पट्ट्यांनाच जोडलेला असतो, तो काढला तर चालणार कसं? त्यावर स्वच्छ कापडाची पिशवी बांधली आणि खुर्चीची चाकं ओल्या फडक्यानं पुसली, की काम झालं.

मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला केलं. तिथला विषय खादी आणि ग्रामोद्योग. न दिसणाऱ्या मित्राला चरखा कसा ‘दाखवाल’? मूळ वस्तूला हात लावू देत नाहीत, कारण घामानं ती खराब होते. पण तशीच दुसरी प्रतिकृती ठेवली तर? चाक फिरवायचं, पेळू बोटांत धरायचा, घरघर ऐकायची. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ नावाचं असं दालन सुरू झालं, स्पर्शानं पाहायचं.

पालकहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक जागी ये-जा करण्याची सोय हा हक्क ठरवला आहे. तेव्हा संकोच करू नका. सहलीच्या आठवडाभर आधी फोन करा किंवा पत्र लिहा. बस कुठे थांबते? दारापर्यंत किती चालावं लागतं? वाटेत टेकायला बाक आहे का? पायऱ्या किती? खुर्ची मिळेल का? शौचालय आणि पिण्याचं पाणी कुठे?

आणि मुलांनो, दप्तरात शिंप्याची मोजपट्टी टाका. सराव म्हणून आपल्याच शाळेचा ओटा मोजा, बाराने गुणा आणि येणारं उत्तर मुख्याध्यापकांना नेऊन दाखवा.