गोदीच्या भिंतीवरचे चेहरे

रस्त्यावरच्या भित्तिचित्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. रात्रीतून येऊन, कुणाला न विचारता स्प्रेच्या डब्याने नाव किंवा घोषणा रंगवून पसार होणे ही ग्राफिटी. मालकाची परवानगी काढून, परांची बांधून, दिवसाउजेडी रंगवलेले मोठे चित्र हा दुसरा. पहिल्या प्रकाराच्या आड महाराष्ट्रात मालमत्तेचे विरूपण रोखणारा 1995 चा कायदा येतो. मुंबईतल्या वस्त्यांचे रूप पालटले ते मुख्यतः दुसऱ्या प्रकाराने.

त्याची मोठी सार्वजनिक सुरुवात ऑगस्ट 2009 मध्ये तुळशी पाइप रोडवर, म्हणजेच सेनापती बापट मार्गावर झाली. या रस्त्याला लागून असलेल्या रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर ‘द वॉल प्रोजेक्ट’ या उपक्रमाच्या हाकेसरशी शेकडो हौशी माणसे ब्रश घेऊन जमली. चित्रे कच्ची-पक्की होती, पण परवानगी असेल तर भिंत सगळ्यांची होऊ शकते हे शहराला दिसले. 2012 मध्ये रणजित दहिया यांनी ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि वांद्र्याच्या चॅपल रोडवर अनारकली अवतरली. हरियाणातून आलेले दहिया एके काळी घरांना चुना मारण्याचे काम करत. 2014 मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर त्यांच्या पुढाकाराने दादासाहेब फाळके रंगले. भारतीय चित्रपटाच्या जनकाला एवढी मोठी भिंत मिळाली ती चित्रपटगृहाची नव्हे, टेलिफोन कंपनीची.

असे चित्र वाटते तितके उत्स्फूर्त नसते. सहसा पावसाळा सरल्यावरच काम सुरू होते. जुन्या रंगाचे पोपडे खरवडायचे, भेगांत लांबी भरायची, प्रायमर मारायचा, मग लहान आराखड्यावर आणि भिंतीवर सारख्या प्रमाणात चौकटी आखून एकेक चौकट मोठी करत न्यायची. पूर्वीचे सिनेमाचे पोस्टर रंगवणारे पेंटर हेच करत. आता काही जण चौकटींऐवजी भिंतभर वाकड्यातिकड्या खुणा करतात आणि भिंतीच्या फोटोवर मोबाइलमध्ये चित्र चढवून त्या खुणांच्या आधाराने रेषा ओढतात. समुद्राजवळ मात्र कितीही काळजी घेतली तरी खारी हवा आणि ओल पिच्छा सोडत नाही. भिंतीला लोणा लागला की रंग आतूनच सुटतो.

कुलाब्याची ससून गोदी अशाच खाऱ्या हवेत उभी आहे. आल्बर्ट ससून यांनी बांधलेली ही गोदी 1875 मध्ये सुरू झाली. कापसाच्या व्यापारासाठी उभारलेली जागा पुढे मासळीची झाली. पहाटे बोटी लागतात, लिलाव पुकारले जातात, शेडमध्ये बायका कोळंबी सोलत बसतात. शहराच्या इतक्या जवळ असूनही मासळीशी संबंध नसलेला मुंबईकर नाक दाबून इथून पुढे जात असे. नोव्हेंबर-डिसेंबर 2017 मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशन या रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेने इथल्या जुन्या गोदामांत सुमारे 30 कलाकारांची कामे मांडली. फ्रेंच कलाकार जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ या जगभर चाललेल्या उपक्रमाच्या धर्तीवर गोदीतल्या माणसांचे मोठाले कृष्णधवल चेहरे भिंतींवर चिकटवले गेले. संस्थेचे एक संस्थापक हनीफ कुरेशी यांनी तर गोदीच्या वासालाच कलाकृतीचा विषय केले. हेच कुरेशी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे संगणकीय टंकात जपण्यासाठीही ओळखले जात. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

गोदीतले काम इतर ठिकाणांहून सरस ठरते ते रंगांमुळे नव्हे. इथे मासळीबाजार झाकून त्यावर सुंदर पडदा टाकला गेला नाही. बाजार चालूच राहिला आणि त्यातून वाट काढतच प्रेक्षकाला चित्रांपर्यंत जावे लागले. डिसेंबर 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हलच्या निमित्ताने गोदी पुन्हा प्रेक्षकांसाठी खुली झाली.

घाटकोपरच्या असल्फाची गोष्ट वेगळी आहे. टेकडीवर एकावर एक चढलेली ही घरे मेट्रोच्या डब्यातून स्पष्ट दिसतात. 2017 च्या अखेरीस देदीप्या रेड्डी यांच्या ‘चल रंग दे’ उपक्रमात स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून शंभराहून अधिक घरांच्या भिंती निळ्या-पिवळ्या-गुलाबी रंगांत रंगवल्या. वृत्तपत्रांनी लगेच इटलीतल्या किनारी गावांशी तुलना केली. रिओ दि जानेरोच्या सांता मार्ता वस्तीत हॉलंडच्या दोन कलाकारांनी 2010 मध्ये असाच प्रयोग केला होता. दोन्हीकडे एकच आक्षेप घेतला गेला: नळ, गटार आणि शौचालयाच्या रांगा तशाच राहतात, बदलते ते लांबून दिसणारे दृश्य. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. आपण कुठे राहतो हे सांगताना ज्याला संकोच वाटे, त्याच्या वस्तीचे फोटो काढायला लोक येऊ लागले तर त्यालाही काही मोल असते. ते किती, हे मेट्रोतल्या प्रवाशाने नव्हे, टेकडी चढणाऱ्याने सांगायचे.

दुसरा धोका भाड्याचा. अमेरिकेत मायामीच्या विनवूड भागात गोदामांच्या भिंती 2009 च्या सुमारास रंगू लागल्या आणि पाठोपाठ जागांचे भाव चढले. ज्या कलाकारांमुळे भागाला नाव मिळाले त्यांच्यापैकी अनेकांना तिथली जागा परवडेनाशी झाली.

राहतो प्रश्न टिकण्याचा. रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी-राजपुरीच्या खाडीतही, होड्यांच्या रंगकामाला ठरलेला हंगाम आहे. पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढायच्या, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेच्या आत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पुन्हा रंगवायच्या. होडीचा रंग दरवर्षी जातो आणि दरवर्षी मालक तो परत लावतो. शहरातल्या भित्तिचित्राला असा मालक क्वचितच असतो. प्रायोजकाचा पैसा पहिल्या हातापुरता येतो. तीन-चार पावसाळ्यांनी रंग विटतो, इमारतीची दुरुस्ती निघते आणि गिलाव्याबरोबर चित्रही खाली येते.