महाडचा कूलर आणि पनवेलचे सर्व्हर

मे महिन्यात मी महाडच्या घरी कूलर लावला. घाम तसाच! नागपूरला तोच कूलर गारेगार करतो. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, पण आपली हवा आधीच दमट, त्यात पाणी वाळणार कसं? शिवाय पाणी आणायचं कुठून? उन्हाळ्यात पोलादपूरच्या वाड्यांना टँकर लागतात.

आता बघा, आपल्याच रायगडात, पनवेलला २०२० पासून योट्टाचं भलंमोठं डेटा सेंटर आहे. अशा हवेत वीज वाचवायची कशी? सर्व्हरमधून निघालेली गरम हवा थंड हवेत मिसळू द्यायची नाही. आत जाणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते, उगाच १८ वर कशाला न्यायची? एआयच्या तापट चिपवर मात्र थेट पाइपातून द्रव फिरवायचा. तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या तीन हजारपट उष्णता वाहून नेतं.