घाटावर मासळीचं वजन कमी भरतं? खरं किती, थाप किती



जेटीवर १०० किलो बांगडे मोजून गाडीत भरले. गाडी चोर्ला घाट चढून बेळगावला पोचली आणि फोन आला, "९७च भरले हो!" कारण विचारलं तर, "उंचावर वजन कमीच भरतं." असं ऐकून तीन किलोचे पैसे सोडायच्या आधी एवढं वाचा.

यात थोडं खरं आहे. वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला खाली ओढते तो जोर, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथली जमीन पृथ्वीच्या मध्यापासून ध्रुवापेक्षा २१ किलोमीटर जास्त लांब आहे. त्यात फिरण्यामुळेही ओढ थोडी कमी होते. म्हणून विषुववृत्तावर १०० किलो दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा तोच माल ध्रुवावर १०० किलो ५०० ग्रॅम दाखवेल. माल मात्र तेवढाच!

उंचावरही ओढ कमी होते. पण किती? बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंच. तेवढ्याने १०० किलोमागे फरक पडतो जेमतेम १५-२० ग्रॅम. म्हणजे एका बांगड्याएवढाही नाही. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच आणून गोव्यात लावला, तर १०० किलोमागे सुमारे ८० ग्रॅम कमी दाखवेल. किलोचा फरक कुठेच नाही.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत तर हा प्रश्नच येत नाही. ओढ कमी झाली तर माल आणि वजन, दोन्ही बाजूंना सारखीच कमी होते.

मग तीन किलो गेले कुठे? बर्फाचं पाणी निथळलं असेल, क्रेटचं वजन नीट वजा झालं नसेल, नाहीतर काट्यातच खोट असेल. शोध इथेच घ्यायचा.

काय करायचं?

• शिक्का मारलेलं २० किलोचं वजन जवळ ठेवा. मोजणीआधी काट्यावर ठेवून बघा. जिथे मोजायचं तिथेच २० बरोबर दाखवलं, तर तिथली ओढ त्यात आलीच.
• काटा सपाट जागेवर ठेवा. रिकामा क्रेट ठेवून आकडा शून्य करा.
• पाणी निथळू द्या, मग मोजा.
• हलत्या होडीत मोजू नका. लाटेवर होडी वर उचलली की आकडा वाढतो, खाली गेली की घटतो.
• इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी तपासणी आणि शिक्का दरवर्षी लागतो. शिक्क्याची तारीख बघून घ्या.

पुढच्या वेळी कोणी घाटाचं कारण सांगितलं, तर एवढंच म्हणा, "घाटाचे २० ग्रॅम आमच्याकडून. उरलेल्याचा हिशोब द्या."