मिकीच्या आधीचा पिवळा सदरा

कार्टूनची पात्रं विकून पैसा करायची कल्पना वॉल्ट डिस्ने यांची, असं सर्रास सांगितलं जातं. मिकी पडद्यावर आला १९२८ मध्ये. त्याच्या तीसेक वर्षं आधीच न्यूयॉर्कमध्ये हा बाजार जोरात होता.

रिचर्ड आउटकॉल्ट यांचा ‘यलो किड’ १८९५ पासून ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात झळकू लागला. गरीब वस्तीतलं पोर, डोक्याचा चकोट, अंगात पायघोळ पिवळा सदरा. त्याचं बोलणं बहुधा त्या सदऱ्यावरच लिहिलेलं असे, तेही गल्लीतल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. अक्षरांचा टी-शर्ट दुकानात यायच्या कितीतरी आधी असा कागदावर आला होता! बघता बघता हे पोर बिल्ल्यांवर आणि सिगारेटच्या पाकिटांवर जाऊन बसलं. आउटकॉल्ट यांनी १८९६ मध्ये कॉपीराइटसाठी अर्ज केला, पण पात्राची मक्तेदारी काही हाती लागली नाही. ‘बस्टर ब्राउन’ या पुढच्या पात्राच्या वेळी ते सावध होते: १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात त्यांनी कंपन्यांना रीतसर परवाने विकले. तिकडे इंग्लंडमध्ये बिअॅट्रिक्स पॉटर यांनी पीटर रॅबिटची बाहुली स्वतः शिवून १९०३ मध्येच तिची नोंदणी केली होती.

डिस्नेंचं श्रेय वेगळं. १९३२ मध्ये त्यांनी के केमन हा पक्का व्यापारी नेमला आणि विस्कळीत धंद्याला शिस्त आली. पुढच्याच वर्षी मिकीचं घड्याळ बाजारात आलं.

छापील टी-शर्ट हिप्पींनी आणला, हाही असाच एक समज. मुळात टी-शर्ट म्हणजे आतला कपडा; अमेरिकी नौदलात तो गणवेशाखाली घालत. जो दिसणारच नाही, त्यावर छापणार कोण? तंत्राची अडचण नव्हतीच. गुजरातचं ठशांनी छापलेलं सुती कापड मध्ययुगातच इजिप्तला जात होतं. तिथल्या फुस्तात या जुन्या शहरात त्याचे तुकडे सापडले आहेत. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी रेशमी जाळीतून छपाईचं पेटंट घेतलं. १९३० च्या दशकात मिकीचे स्वेटशर्ट विकले जात होते, आणि १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत टॉमस ड्युई यांच्या प्रचाराचा टी-शर्ट निघाला. तो आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ड्युई मात्र हरले.

साठच्या दशकात बदललं ते छपाईचं प्रमाण. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि ती दरवेळी नेमकी जुळवावी लागते. मायकेल व्हॅसिलँटोन यांच्या फिरत्या यंत्राने ही कटकट मिटवली.