बाटली सुटली, पण आधी कुणाची?

"दिवसातून किती बाटल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा!" मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. "दुधाला कधी नाही म्हणत नाही बघा. जेवणाचीच तेवढी कटकट आहे."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ताई, मग दुखणं तेच आहे."

मला आधी रागच आला. दूध कधी दुखणं असतं का? दूध म्हणजे पूर्णान्न, असं पाठ करूनच तर आपण मोठ्या झालो.

२०१३ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझ्या मुलाला दोन वर्षं होऊन गेली होती. अंगानं गुबगुबीत. 'रंग उजळत चाललाय हं' असं येणारी-जाणारी म्हणायची आणि मी खूश व्हायचे. फक्त खेळता खेळता तो मध्येच बसकण मारायचा, आणि संधी मिळाली की भिंतीचे पोपडे काढून खायचा. शेजारच्या आजी एकदा म्हणाल्यासुद्धा, "लेकरू भिंत काऊन चाटू राह्यलं गं? रक्त कमी असंल त्याचं." मी ते हसण्यावारी नेलं. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं साडेसात. या वयात ते किमान अकरा हवं. रंग उजळला नव्हता, रक्त उतरलं होतं!

डॉक्टरांनी मला हिशेब करून दाखवला. सहा बाटल्या म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास दूध. एवढ्याशा पोटात मग दुसरं काही मावणार कसं? या वयाच्या मुलाला रोज साधारण ८ मिलिग्रॅम लोह लागतं आणि एक लिटर गाई-म्हशीच्या दुधात एक मिलिग्रॅमही नसतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही. पोट दुधानं भरलेलं म्हणून मुलगा जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून आम्ही त्याला आणखी एक बाटली देतो. असं ते रहाटगाडगं वर्षभर चाललं होतं.

हे माझ्या एकटीच्या घरातलं नव्हतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सगळ्यांचं कारण बाटली नाही, हे खरं. पण ज्या घरात बाटली आहे तिथं हा हिशेब एकदा करून पाहायलाच हवा.

बाटलीची तक्रार रक्तापुरती नाही. रात्री तोंडात बाटली धरून मूल झोपतं, तेव्हा दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते धुऊनही निघत नाही. म्हणून वरचे चार दात आधी किडतात. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' असं आपण म्हणतो, पण पक्क्या दातांची जागा हेच दात धरून ठेवतात. आडवं झोपून बाटली ओढणाऱ्या मुलाचे कानही पुन्हा पुन्हा फुटतात, कारण घसा आणि कान आतून एका नळीनं जोडलेले असतात.

आणि मग पाणी! २०१२ साली पावसानं दगा दिला होता आणि २०१३ चा तो उन्हाळा जालन्यातली कुठलीच बाई विसरली नसेल. टँकरची वाट पाहायची, आलेलं पाणी ड्रममध्ये भरायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. सहा बाटल्या, सहा बुचं, दर वेळी ब्रशनं घासायच्या आणि मग उकळायच्या. मी खरं सांगते, प्रत्येक वेळी उकळत नव्हते. एक विसळून लगेच दुसरं दूध भरायचे. त्या रबराच्या बुचात आत काय साचलंय ते दिसतही नाही. त्या वर्षात जुलाबानं दोनदा सलाईन लावावं लागलं, तेव्हा आम्ही दोष दिला उन्हाला आणि दातांना.

मैत्रिणींनो, टीव्हीवर साबणाची, पावडरीची, बिस्किटाची जाहिरात रोज दिसते. बाळाला दूध पाजायच्या बाटलीची कधी पाहिलीत? नसेलच. कारण १९९२ साली आपल्या देशात त्यासाठी कायदा झाला. तो १९९३ च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक केला गेला. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटली यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टरांना भेटी द्यायच्या नाहीत, असं तो सांगतो. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद आणि त्यांची 'अकॅश' ही संस्था या कायद्यासाठी कोर्टापर्यंत गेली. बाटलीचा कायदा कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण जिथं स्वच्छ पाण्याचा भरवसा नाही तिथं बाटलीतून पोटात रोग जातो, हे जगभर दिसून आलं होतं. जागतिक आरोग्य परिषदेनं १९८१ मध्येच त्याबद्दलचे नियम केले होते.

हे सगळं मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. माळ्यावरून एक डबा काढायला लावला आणि त्यातून चिंचेनं घासून पितळेचं बोंडलं बाहेर काढलं. छोटी वाटी, तिला चोच. म्हणाल्या, "माझी पाच लेकरं याच्यावर वाढली. वाटी घासलेली डोळ्याला दिसती माय. तुमचं ते रबर कुणाला दिसतंय?"

'मी काही बोंडल्यानं दूध पीत नाही' असं आपण सहज म्हणतो. पण ज्याला आईचं दूध ओढता येत नाही अशा तान्ह्या बाळासाठी डॉक्टरही आज वाटी-चमचा किंवा बोंडलंच वापरायला सांगतात, ते काही उगाच नाही. (आता घ्यायचं तर स्टीलचं घ्या, दुधाला पितळ नको.) आमचा पठ्ठ्या मात्र दोन वर्षांचा घोडा. त्याला बोंडलं नव्हे, पेलाच हवा होता.

डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहून दिलं आणि दूध दिवसाला दोन पेल्यांवर, म्हणजे चारशे-पाचशे मिलीवर आणायला सांगितलं. बाटली कशी सोडवायची ते मात्र घरचं घरीच ठरवायचं होतं. कुणी म्हणालं कडुनिंब लावा, कुणी म्हणालं मिरची लावा. मी नाही लावलं. ज्या वस्तूनं वर्षभर त्याला धीर दिला तीच एक दिवस तोंड भाजायला लागली, तर त्यानं विश्वास कशावर ठेवायचा?

मी एक वही घेतली आणि दोन दिवस लिहून काढलं, बाटली कधी कधी देते. तेव्हा डोळे उघडले. सहापैकी भुकेची बाटली एकच होती, सकाळची. एक मी स्वयंपाक करताना तो पायात येऊ नये म्हणून. एक पाणी भरताना. एक दुपारी सासूबाईंचा डोळा लागावा म्हणून. एक संध्याकाळी यांना टीव्ही पाहता यावा म्हणून. आणि एक रात्री झोपवायला. म्हणजे सवय लेकराला नव्हती, आम्हाला होती. बाटली सुटायची होती ती आधी आमची!

मग एकेक बाटली काढायची, आणि तिच्या जागी ती ज्यासाठी होती ते दुसरं काहीतरी द्यायचं, असं ठरवलं. स्वयंपाकाच्या वेळी कणकेचा गोळा आणि छोटं लाटणं. दुपारच्या बाटलीऐवजी मऊ वरण-भात-तूप, आणि मग झोप. संध्याकाळी यांनी त्याला घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत फेरी मारायची. दूध फक्त फुलपात्रातून, तेही जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात निम्मं सदऱ्यावर सांडायचं. सांडू दिलं.

रात्रीची बाटली सगळ्यात शेवटी. तिच्यात रोज दोन बोटं दूध कमी आणि तेवढं उकळून गार केलेलं पाणी जास्त. आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी उरलं. नुसत्या पाण्यासाठी कोण जागतंय? तरी शेवटच्या तीन रात्री तो रडला, मीही रडले. पाचव्या रात्री मी दमून झोपले, तर सासूबाईंनी डब्यामागं लपवलेली बाटली भरून दिली. सकाळी मला कळलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "चुकलं माझं. रडणं ऐकवंना गेलं." त्या दिवशी दुपारी त्यांनीच घरातल्या सगळ्या बाटल्या गोळा करून भंगारवाल्याला दिल्या. एकानं सोडवायची आणि दुसऱ्यानं द्यायची, यात मूल काही शिकत नाही. फक्त कुणाकडं जाऊन रडायचं ते त्याला कळतं.

पोटात जागा झाली तशी भूक आली. बाजरीची भाकरी मोडून वरणात, मटकीची उसळ, पालेभाजी, आणि जेवणानंतर आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या चार फोडी. मोसंबीतल्या क जीवनसत्त्वामुळे भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागतं. चहा मात्र बंद. बाटलीत चहा-बिस्कीट कालवून देणारी घरं आपल्याकडं कमी नाहीत, पण चहा लोह अडवतो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा झालं. भिंतीचे पोपडे खाणं तर त्याआधीच थांबलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात सासू होती, नवरा होता, तुला जमलं. खरंय. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडून जी बाई कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, तिच्या लेकराजवळ फडाच्या बांधावर आठ वर्षांची बहीण बसलेली असते. तिथं बाटली हाच तिसरा हात असतो. तिला नावं ठेवायचा हक्क मला नाही. पण तिला एवढं जरूर सांगावंसं वाटतं की, बहिणीच्या हातात बाटलीऐवजी झाकणाची वाटी-चमचा आणि डब्यात मऊ भात दिलास तर लेकरू कमी आजारी पडेल. आणि अंगावर पाजत असशील तर ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही चालू ठेव. सोडायची आहे ती बाटली, आईचं दूध नव्हे.

गावी असाल तेव्हा अंगणवाडीत लेकराचं वजन करून घ्या. कुपोषणाविरुद्ध २००५ मध्ये औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, जे मिशन सुरू झालं त्याला नाव दिलं ते आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या लेकीचं, राजमाता जिजाऊंचं. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर त्या मिशननं भर दिला. ते दिवस गेले की परत येत नाहीत, म्हणून पहिल्या वाढदिवसापासूनच पेला हातात द्या. उशीर झाला असेल तरी आज सुरू करा. फक्त मूल आजारी असताना, प्रवासात किंवा घरात नवं बाळ आलेलं असताना नको. आणि मूल पांढुरकं दिसत असेल, माती-भिंत खात असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाचं औषध मनानं देऊ नका.

माझा मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय. दुधाचा ग्लास उभ्यानं रिकामा करतो आणि बेसिनमध्ये तसाच ठेवून जातो. ती सवय अजून सुटायची आहे. पण आज रात्री तुमच्या घरात कुणी बाटली भरायला घेतलीच, तर क्षणभर थांबून विचारा... ही नेमकी कुणासाठी भरतोय आपण?